‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून भागत नाही

पुण्याहून एका ताईंनी विचारलं आहे, थोडक्यात असं: “मी जन्मापासून चर्चमध्ये आहे. रोज रात्री ‘प्रभू, आजच्या सगळ्या आशीर्वादांबद्दल तुझे आभार’ एवढं म्हणते आणि झोपते. त्या शब्दांत जीव नसतो. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या आहेत, माझी नोकरी आहे, फ्लॅटचा हप्ता आहे. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत बाकीच्या बायका देवाने काय काय केलं याच्या मोठमोठ्या साक्षी देतात, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. देवाचे रोजचे उपकार मला दिसतच नाहीत. माझ्या विश्वासात खोट आहे का? आणि सासूबाईंच्या दुखण्याबद्दलही आभार मानायचे का?”

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मनात अडकलेला असला की बाकीचं काही आत शिरत नाही. सासूबाईंच्या पक्षाघाताबद्दल आभार मानायचे नाहीत. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं प्रेषित पौलाने थेस्सलनीका या शहरातल्या मंडळीला लिहिलं तेव्हा ती माणसं छळ सोसत होती. पण छळ झाला हे बरं झालं, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना रडतो आणि कबरेपाशी पोचल्यावर पित्याचे आभारही मानतो. हे आभार मरणाबद्दल नाहीत. पिता आपलं ऐकतो, याबद्दल आहेत. घरात दुखणं आलं की आपल्यातले काही जण लगेच ‘देवाची इच्छा, धन्यवाद म्हणा’ असं सांगायला येतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. चहा द्या आणि त्यांचं ते वाक्य सोडून द्या.

विश्वासाचं म्हणाल तर तो मला ठीक दिसतो. खोटा विश्वास असलेली माणसं असले प्रश्न विचारत नाहीत. अडचण तुमच्या त्या रात्रीच्या एका वाक्यात आहे. ‘सगळ्या आशीर्वादांबद्दल’ म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहितात तसं. आमंत्रण सगळ्यांना पोचलं, पण नाव कोणाचंच घेतलं नाही. पाळक म्हणून घरोघर प्रार्थना ऐकण्यात माझं आयुष्य गेलं, आणि माझं पक्कं मत असं झालं आहे की आभार आटतात ते बहुतेक वेळा तपशील आटला म्हणून. मन भरून येईल तेव्हा आभार मानू, म्हणून थांबू नका. आधी बारीकसारीक आठवायला लागा, मन मागून येतं. कधी येतही नाही, तरी चालतं.

बायबलमधलं स्तोत्र 136 काढून बघा. 26 ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच पालुपद: ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ पालुपद एकच, पण त्याच्या आधी दर वेळी काहीतरी नेमकं आहे. आकाश, पाण्यावर पसरलेली जमीन, सूर्य, चंद्र, दुभंगलेला लाल समुद्र. मग अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानचा राजा ओग, ज्यांची नावं आज कोणाला आठवायचं कारण नाही, तीही नावानिशी. आणि एवढे राजे पाडून झाल्यावर शेवटाकडे, 25व्या ओळीत, सगळ्या प्राण्यांना अन्न देणारा. समुद्र फाटला तो उपकार आणि रात्रीचं जेवण मिळालं तो उपकार एकाच दमात. एखाद्या रविवारी दुपारी कागद घेऊन तुमचं स्वतःचं 136 लिहा. मी तरुण संघाला हे करायला लावतो तेव्हा पहिल्या चार ओळी ठरावीक येतात, आई-वडील, शिक्षण, आरोग्य वगैरे. पाचव्या-सहाव्या ओळीला पेन थांबतं, आणि मग खरं यायला लागतं: ‘बारावीला गणितात गेलो तेव्हा मामा काही बोलला नाही, कारण त्याची दया सनातन आहे.’

रोजचं दिसत नाही, यात नवल काही नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात इस्राएल लोक मान्न्याला, म्हणजे देव रोज आकाशातून देत होता त्या अन्नाला, कंटाळले. रानात, जिथे काही पिकत नाही तिथे, रोज सकाळी खायला मिळत होतं, आणि ते म्हणाले, आमचा जीव सुकून गेला, या मान्न्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही. मग आठवणी निघाल्या. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मासे फुकट मिळायचे, काकड्या होत्या, कलिंगडं, कांदे, लसूण. तिथे आपण विटा थापत होतो, पाठीवर कोरडे पडत होते, हे आठवेना. लसूण तेवढा आठवला. माणसाची स्मरणशक्ती अशीच आहे. जे रोज येतं ते तिला दिसत नाही आणि जे गेलं ते ती तुपात घोळून परत आणते. म्हणून बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात मोशे जेव्हा विसरू नका, विसरू नका असं पुनःपुन्हा बजावतो, तेव्हा तो उपाशी माणसांना सांगत नसतो. तुम्ही खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरं बांधून राहाल, तेव्हा विसराल, असं तो म्हणतो. फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्यांनी अनुवादाचा हा 8वा अध्याय अधूनमधून वाचायला हरकत नाही.

आता करायचं काय.

झोपताना आभार मानू नका. त्या वेळी तुमच्यात जीव उरलेला नसतो, तर शब्दांत कुठून येणार? स्वयंपाकघर आवरलं, ओटा पुसला, की तिथेच स्टुलावर पाच-सात मिनिटं बसा. आज सकाळी डोळे उघडले तिथपासून दिवस ओळीने आठवा. आज माझं काम कोणी हलकं केलं? काय बिघडायची भीती होती, पण बिघडलं नाही? दोन-तीन गोष्टी हाती लागल्या की त्या नाव घेऊन देवाला सांगा. नाव म्हणजे अगदी नाव, वेळ, जागा. ‘आजच्या प्रवासाबद्दल आभार’ असं म्हणू नका. ‘स्वारगेटला बस सुटत होती, कंडक्टरने बघितलं आणि घंटी मारायची थांबला, त्याबद्दल आभार’ असं म्हणा.

ही रीत माझी नव्हे, आणि प्रोटेस्टंटांचीही नव्हे. येशूसंघाचे, म्हणजे कॅथलिक जेझुइट संघाचे, संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची आहे. त्यांच्या ज्या आध्यात्मिक साधनेला पोपनी 1548 मध्ये मान्यता दिली, तिच्यात रोजच्या आत्मपरीक्षणाची पाच पावलं आहेत, आणि पहिलं पाऊल आभाराचं. पापांचा हिशेब त्यानंतर. आपल्याकडे कबुलीने सुरुवात करायची सवय असते, त्यामुळे बरेच जण पहिल्याच पावलावर खचतात आणि आभारापर्यंत पोचतच नाहीत. इग्नेशियसने 1542 च्या एका पत्रात कृतघ्नतेला सगळ्या पापांचं मूळ म्हटलं आहे. वाचायला कठोर वाटतं, पण क्रम असा का, ते त्यावरून कळतं. पदरात काय पडलं ते आधी बघितलं की काय चुकलं तेही नीट दिसतं.

लिहून ठेवावं का? जमलं तर ठेवा. आमच्या मंडळीत एक मावशी होत्या, शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. दूधवाल्याच्या हिशेबाची वही असायची ना, तिच्या मागच्या पानांवर त्या उपकार लिहायच्या. एकदा त्यांनी ती वही मला वाचायला दिली. ‘नळ सव्वासहाला आला. मला जाग नव्हती. शेजारणीने माझा हंडा लावला.’ ‘जिना चढताना गुडघा दुखला नाही, उतरताना दुखला.’ ‘ज्वारी निवडली, खडा एकही नाही.’ ‘जावयाचा फोन. पैशासाठी नव्हता.’ एका तारखेला नुसतं ‘आज काही नाही’ आणि त्याखाली, बहुधा नंतर, दुसऱ्या शाईने: ‘भाकरी फुगली.’ मी उपकारस्तुतीवर बरेच संदेश दिले असतील, पण त्या वहीसारखा एकही जमला नाही. त्यात ‘आशीर्वाद’ हा शब्द कुठेच नव्हता. गुडघ्याची गोष्ट बघा, उतरताना दुखला हेही मावशींनी लपवलं नाही. देवाला खूश करण्यासाठी हिशेब गोड करायचा नसतो.

अशी वही लिहिल्याने बरं वाटतं, हे मानसशास्त्रवालेही सांगतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलफ या अमेरिकी संशोधकांचा 2003 मधला अभ्यास त्यासाठी सगळीकडे सांगितला जातो. कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा मिळालेल्या गोष्टींची यादी करणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरं वाटलं, असं त्यात दिसलं. चांगलंच आहे, पण आपली वही बरं वाटण्यापाशी थांबत नाही. तिला पत्ता असतो. ज्याने दिलं त्याला ती वाचून दाखवायची असते, म्हणून ज्या दिवशी बरं वाटत नाही त्या दिवशीही ती उघडता येते.

यादी कुठून सुरू करावी हे सुचत नसेल तर प्रभूच्या प्रार्थनेतली एकच ओळ घ्या, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे विश्वास शिकवायच्या छोट्या पुस्तकात, रोजच्या भाकरीत काय काय येतं ते सांगितलं आहे: अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा, भली बायको किंवा भला नवरा, भली मुलं, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. जोड्यांपासून सरकारपर्यंत! आपल्या पणज्यांना ही ओळ समजावून सांगावी लागली नसावी. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत किती घरं उठली, किती मुलं मिशनच्या आसऱ्याला आली. पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावला आणून वाढवलं ते त्याच वर्षांत. तेव्हा भाकर म्हणजे भाकर. आज पिठाचा डबा भरलेला असतो, म्हणून ओळ पटकन म्हणून होते. लूथरची यादी हाताशी धरून आठवड्यातून एकदा ती सावकाश म्हणा, एकेका शब्दाला तुमच्या घरातलं काय येतं ते बघत.

एक गोष्ट मात्र पाळा. देवाचे आभार मानले म्हणून माणसाचे मानायचे राहू देऊ नका. चर्चच्या माणसांत हा दोष फार आहे. सासूबाईंकडे दिवसा बघायला बाई येत असेल, तर प्रार्थनेत ‘प्रभू, तू मदतनीस पाठवलीस’ म्हणायचं आणि तिच्याशी मात्र फक्त डायपर संपले, औषध दिलं का, एवढंच बोलायचं, हे बरं नव्हे. लूकच्या 17व्या अध्यायातले, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठवा. परत न आलेल्या नऊ जणांना आपण उगाच दुष्ट ठरवतो. येशूने त्यांना याजकाकडे जायला सांगितलं होतं आणि ते तिकडेच निघाले होते. सांगितलेलं काम करत होते. नियमशास्त्राप्रमाणे याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय त्यांना घरी जाता आलं नसतं. दहावा मात्र वाटेत बरा झालेला बघून मागे फिरला, मोठ्याने देवाचं गौरव करत आला आणि येशूच्या पाया पडला. तोंडाने देवाची स्तुती आणि पाय समोरच्या माणसाकडे वळलेले. तुमच्या स्टुलावरच्या पाच मिनिटांत एखादं नाव सापडलं, तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला एक वाक्य बोला. ‘काल तुम्ही आईंची नखं कापलीत, मी बघितलं.’ पुरे.

आणखी एक वाट टाळा. ‘आपल्यापेक्षा वाईट स्थितीत असलेल्यांकडे बघा म्हणजे आभार सुचतील’ असं सर्रास सांगितलं जातं, संडे स्कूलमध्येसुद्धा. मला ते पटत नाही. शुभवर्तमानात आभार मानण्याचा एक वाईट नमुना येशूनेच दिला आहे, लूक 18 मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखा नाही, म्हणून देवा, तुझे आभार! दुसऱ्याची झोपडी बघून आपल्या फ्लॅटबद्दल मानलेले आभार त्याच घरचे असतात. झोपडी दिसली तर आभार बाजूला ठेवून काय देता येईल ते बघावं.

आपल्या जुन्या रीतींमध्ये हे बरोबर बसवलेलं आहे. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक, म्हणजे तिथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून आशीर्वादित करतात. गोव्यात रायच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला नव्या कणसांचं फेस्त असतं. आपल्याकडे देशावरच्या मंडळ्यांत सुगीच्या उपकारस्तुतीला वेदीपुढे ज्वारीची कणसं, बाजरी, दुधी, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासनेनंतर लिलाव. हा लिलाव मला फार आवडतो. एक दुधी भोपळा, बाजारात वीस-तीस रुपयांचा, कोणीतरी दोनशेला घेतो आणि तिथल्या तिथे परत देतो, पुन्हा बोली लागते, तो साडेतीनशेला जातो, पुन्हा परत येतो. शेवटी दुधी एखाद्या म्हातारीच्या पिशवीत आणि पैसे मंडळीच्या पेटीत. अनुवादाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवल्यावर लेवी, म्हणजे उपासनेचं काम करणारे, स्वतःची जमीन नसलेले लोक, आणि तुमच्यात राहणारा परका यांच्यासह आनंद करा, असं सांगितलं आहे. मिळालेलं हातातून पुढे गेलं की ते मिळालं होतं हे कळतं. पगार झाला की त्यातला थोडा भाग कोणाकडे तरी जाऊ द्या. शहरात टोपली तीच.

आता वाईट दिवसांबद्दल. तुमच्याकडे ते येतात, येणारच. रात्री तीनदा उठून चादर बदलली, सकाळी ऑफिसात बोलणी खाल्ली, अशा दिवशी स्टुलावर बसून काहीच सापडलं नाही तर ओढूनताणून शोधू नका. त्या दिवशी तक्रार करा, पण देवापुढेच करा. स्तोत्रसंहितेत 136 आहे तसं 88ही आहे, आणि ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ वगैरे काही नाही. ते तिथे ठेवलं आहे म्हणजे तशी प्रार्थना चालते. एखादा दिवस 88 चा, एखादा 136 चा. आणि आभाराच्या नावाखाली कोणी तुमचं तोंड बंद करत असेल, तर ते मान्य करू नका. ‘देवाने एवढं दिलंय, तरी कुरकुर?’ हे वाक्य मी मार खाणाऱ्या बायकांना ऐकवलेलं ऐकलं आहे, तेही मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडून. सासूबाईंचं सगळं एकट्या तुमच्यावर पडत असेल तर नवऱ्याला, दिरांना, नणंदेला स्पष्ट सांगा. काम वाटून घ्या म्हणणं ही कृतघ्नता नव्हे.

राहिली शुक्रवारची सभा. नोकरी लागली, व्हिसा मिळाला, गाठ साधी निघाली, या साक्षी खऱ्या असतात आणि त्या द्यायलाच हव्यात. पण दर आठवड्याला तेवढंच ऐकत राहिलं की वर्षातून एकदा येतो तोच आशीर्वाद, असा समज होतो, आणि तुमच्यासारख्या मागे बसतात. योहानाच्या 6व्या अध्यायात येशूने आभार मानले ते पाच जवाच्या भाकरींवर, गरिबाच्या जेवणावर, आणि समोर पाच हजार पुरुष बसलेले असताना, म्हणजे ते पुरणार नाही हे उघड दिसत असताना. सगळे जेवल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, त्या नंतरच्या. तेव्हा टोपल्या भरायची वाट बघत बसू नका. येत्या शुक्रवारी ‘कोणाला साक्ष द्यायची आहे का’ असं विचारलं की उठा आणि जे घडलं असेल ते दोन वाक्यांत सांगा: मंगळवारी मला उशीर झाला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी न सांगता वर येऊन आईंना पेज भरवली, प्रभूचे आभार. मग बसा. त्याला वचन जोडायची गरज नाही, आवाज चढवायची नाही, रडायची तर नाहीच. त्या काकू आपल्या मंडळीतल्या नसतील, कदाचित ख्रिस्तीही नसतील, तरी सांगा. परत आलेला तो दहावा शोमरोनी होता, यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांच्यातला. आणि सभा सुटल्यावर घरी जाताना त्यांचं दार वाजवून, आज तुमचं नाव घेतलं, हे त्यांनाही सांगा.